भुवईवरचा घाम

१

शेवटचा साधा दिवस रविवार होता. साधा होता म्हणूनच मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

रविवारी मी बाबांकडे जायची. उन्हाळा असा होता की जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चटका देत होता. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खांद्यावर रुमाल. कंपवाताने हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्यात माणूस गिळायचं विसरतो आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळते, हे फक्त घरच्यांना माहीत असतं. रुमाल त्यासाठी होता. त्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नसे. रुमाल कमी पडू लागले की मी नवा डबा आणायची आणि "सेल लागला होता" असं सांगायची.

"वाच गं तू." त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. "हल्ली अक्षरं मुंग्यांसारखी पळतात."

"चष्मा बदलायला झालाय, बाबा."

"मीच बदलायला झालोय."

सायकलबाई चहा आणि टोस्ट घेऊन आल्या. बाबांना सांभाळायला त्या दिवसभर असायच्या. येताना सायकल चोरीला जाऊ नये म्हणून ती खांद्यावर घालून जिना चढायच्या, म्हणून हे नाव. बाबांनीच ठेवलेलं.

"सायकल आहे की नवरा?" बाबा रोजच्यासारखं म्हणाले.

"नवऱ्याला एवढं तेलपाणी कोण करतंय?" बाई रोजच्यासारखं म्हणाल्या.

टोस्ट बाबांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी पाणी मागितलं, मग पुन्हा मागितलं. मधेच हवेतून दोन बोटांनी काहीतरी उचललं, काचेचा कण उचलतात तसं.

"काय आहे?"

"धागा." बोटं रिकामी होती. मग मला म्हणाले, "अक्का, ती खिडकी लाव." अक्का म्हणजे माझी आत्या, त्यांची मोठी बहीण. मी हसले, तेही हसले.

आत्याचा फोन रविवारचाच. ती भूलतज्ज्ञ, आता निवृत्त, दुसऱ्या गावी एकटी राहते. "हात कसा आहे रे?" तिने विचारलं. "माझाच आहे, पण मर्जी झाली की चालतो," बाबा म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तुझी आत्या म्हणजे ज्ञानकोश आहे. काहीही विचारा, उत्तर तयार. आणि ज्ञानकोशाचं एक बरं असतं. तो उलट विचारत नाही, का विचारलंस म्हणून."

निघताना कळलं की ते उद्या वर्कशॉपमध्ये जाणार आहेत. बाबा प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवायचे, चंबू, नळ्या, कंडेन्सर. आता वर्कशॉप त्यांचा जुना शिष्य चालवत होता.

"या उन्हात? काच तापवायच्या त्या दिव्यासमोर?"

"उभी हयात दिव्यासमोर गेली. माझ्या वस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, घाम भुवईवर आला की दिवा बंद, पाणी, सावली. घड्याळ चुकेल, घाम चुकत नाही."

मी वाकून त्यांचा खांद्यावरचा रुमाल सारखा केला आणि थांबले. "अरे वा, बाबा! आज रुमाल कोरडा ठणठणीत!"

शाळेत पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गालांवर लाली होती. मला ती आनंदाची वाटली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमट्याचा फोन आला. चिमटा म्हणजे बाबांचा तो शिष्य. पन्नाशीचा माणूस, पण खिशात सदैव चिमटा, म्हणून बाबांनी शिकाऊ असतानाच ते नाव दिलं आणि ते चिकटलं.

"ताई, मास्तर पडलेत. अंग नुसतं भाजतंय."

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा त्यांच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या होत्या. शुद्ध नव्हती. चेहरा लालबुंद. ताप पाहिल्यावर नर्सने थर्मामीटर झटकून पुन्हा लावला.

"कोणती औषधं चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

दादा, माझा मोठा भाऊ, क्षणभर अडखळला. "कंपवाताची. तेवढीच."

"आणखी काही?"

दादाने मान हलवली. सायकलबाईंनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मी ते पाहिलं होतं, हे मला नंतर आठवलं.

संध्याकाळी बाबा गेले. कागदावर उष्माघात लिहिलं होतं.

चिमटा भिंतीला टेकून उभा होता. "ज्या माणसाने मला उन्हापासून कसं वाचायचं ते शिकवलं," तो म्हणाला, "तो उन्हाने कसा जाईल?"

दोन दिवसांनी दादाला वाटलं की या प्रश्नाचं उत्तर त्याला सापडलं आहे. सायकलबाई आपले कपडे आणि डबा घेऊन निघाल्या होत्या. दारात त्यांच्या पिशवीचा बंद दादाच्या हातात आला, ओढाताण झाली, बंद तुटला आणि जमिनीवर एक छोटी बाटली घरंगळली. डोळ्यांत घालायचे थेंब.

"या घरात कोणाचे डोळे आलेत?" दादाने बाटली उचलली. नाव वाचलं, फोनवर शोधलं आणि त्याचा आवाज चढला. "ॲट्रोपिन! धोतऱ्यात असतं हे. धोतऱ्यात! वेड लागतं, माणूस मरतो. बाई, ही बाटली तुमच्या पिशवीत काय करतेय?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "मी चोरी केली नाही. विषही घातलं नाही. पुढचं मला विचारू नका."

"मी नाही विचारत. पोलीस विचारतील."

"पोलीस नंतर." आवाज जिन्यातून आला. आत्या होती, हातात बॅग, प्रवासाने मळलेली. "आधी चहा. बाई, तुम्ही बसा. तू पण बस रे, वाफ कोंडलेल्या कुकरसारखा उभा राहू नकोस."

तिने बाटली घेतली, उजेडात धरली, बुडाशी उरलेलं पाहिलं. मग म्हणाली, "त्याचा त्या दिवशीचा शर्ट कुठाय?"

चिमट्याने वर्कशॉपमध्येच तो काढून बाबांना वारा घातला होता आणि नंतर पिशवीत घालून आणून दिला होता. मी आणला. आत्याने कॉलर पाहिली, काखा पाहिल्या, मग सरळ नाकाला लावला.

"धुतला कोणी?"

"कोणीच नाही."

"भर उन्हात, बंद खोलीत, ज्वाळेसमोर बसलेल्या माणसाचा शर्ट." तिने तो टेबलावर पसरला. कॉलरची इस्त्री मोडलेली नव्हती. "याला घामाचा डाग नाही. वासही नाही."

३

आत्याने चौकशी आमच्या स्वयंपाकघरात केली, एकेकाला बोलावून. मला म्हणाली, "तू ओट्यापाशी उभी राहा. तू असलीस की लोक खोटं कमी बोलतील." तसं झालं नाही, ते पुढे कळलं.

पहिला दादा.

"डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा तू अडखळलास. ही म्हणते."

"मी? छे."

"लहानपणी काच फोडलीस तेव्हा असाच 'छे' म्हणाला होतास."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग नळाकडे. पन्नाशीला टेकलेला माणूस नळ नीट बंद करू लागला.

"माझ्या गाडीत एकदा त्यांना... आवरलं नाही. सीटवर. ते रडवेले झाले, आत्या. मी गाडी धुतली, कोणाला सांगितलं नाही. माझा एक मित्र डॉक्टर आहे. त्याला विचारून लघवीच्या गोळ्या आणून दिल्या. पुन्हा तसं झालं नाही."

"तपासलं होतं त्याने?"

"बाबा येणार होते का तपासायला? मीच सांगितलं, वयस्कर आहेत, लघवी आवरत नाही."

"आणि त्याने विचारलं नाही, आणखी काय घेतात?"

"विचारलं असेल. मी म्हटलं असेन, काही नाही." तो एकदम उसळला. "पण त्या गोळीने माणूस मरत नाही! लाखो लोक घेतात."

"बरोबर आहे. मरत नाही." आत्याने हात पुढे केला. "आण ती."

त्याने खिशातून पाकीट काढावं तशी अर्धी संपलेली पट्टी काढली. बाबांच्या उशाखालून त्याने ती उचलली होती, बाटलीसाठी बाईंवर ओरडण्याच्या एक दिवस आधी.

४

सायकलबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"कंपवाताची गोळी कोण द्यायचं?"

"मीच. जेवण झाल्यावर. हात कापू नये म्हणून मोठ्या डॉक्टरांनी दिलेली."

"झोप लागायची त्याला?"

"खाज सुटायची हो रात्री. उन्हाळ्याची पुरळ. मग सर्दी-खाजेची ती पिवळी गोळी असते ना, दुकानात मिळते साधी, ती निघताना द्यायचे. खाज थांबायची, झोपही लागायची. माझ्या घरी पोरांनापण देते मी."

"कोणाला सांगितलं?"

"सर्दीच्या गोळीचं काय सांगायचं?"

आत्याने बाटली टेबलावर ठेवली. बाईंनी मान खाली घातली.

"बाई, दादा पोलिसांत गेला तर तुम्हाला पुन्हा कोणी घरात उभं करणार नाही. खरं-खोटं नंतर ठरेल, पण काम आधी जाईल. कळतंय ना?"

"कळतंय." त्यांचा आवाज फुटत होता. "पण शब्द दिलाय मी त्यांना. माणूस गेला म्हणून शब्द जात नाही."

"कसला शब्द?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हॉस्पिटलमध्ये पाहिलं होतं अगदी तसंच.

"ताईंना जरा बाहेर पाठवा."

आत्याची नजर त्यांच्यावरून माझ्यावर आली. मी बाहेर गेले. दार नीट लागत नाही आमचं, म्हणून बाईंचं एकच वाक्य ऐकू आलं. "ते डोळ्यांत घालायचे नव्हतेच हो."

५

वर्कशॉपच्या खिडक्या अजूनही बंद होत्या. आत शिरताच श्वास जड झाला.

"पंखा?" आत्याने विचारलं.

"काम चालू असताना नाही लावत," चिमटा म्हणाला. "वाऱ्याची झुळूक तापलेल्या काचेला लागली की संपलं, तडा. खिडक्यापण बंद. सगळे असंच करतात."

"मग जिवंत कसे राहता?"

"घामावर." त्याने भुवईवर बोट फिरवलं. "इथं थेंब आला की उठायचं. मास्तरांचा नियम आहे. पाण्याचा माठ म्हणून तर हाताशी."

माठ दिव्याच्या डाव्या अंगाला होता. आत्याने झाकण काढलं. काठोकाठ भरलेला. वर ग्लास पालथा, कोरडा.

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"माल पोचवायला. मास्तरांनीच धाडलं. शिकाऊ पोरांनाही सुट्टी दिली. म्हणाले, मला एकट्याला बसू दे." तो घुटमळला. "एक जुन्या पद्धतीचा कंडेन्सर हवा होता एका प्रयोगशाळेला. आतून वेटोळी नळी. आम्हाला कोणाला जमत नाही. मास्तरांचा हात एरवी कापायचा, पण काच हातात आली की थांबायचा. खरंच सांगतो, दगडासारखा."

"मग अडलं कुठे?"

चिमट्याने टेबलावरची रबरी नळी उचलली, फुंकायची. एक टोक तोंडात, दुसरं काचेला.

"आधी एकदा बसले होते. पोरं बघायला गोळा झाली. वेटोळं जवळजवळ पुरं झालं होतं. आणि लाळ... नळीतून उतरली आत. तापलेल्या काचेवर एक थेंब पुरतो." त्याने नळी खाली ठेवली. "टक् असा आवाज झाला. कोणी हसलं नाही, डॉक्टर. हसले असते तर बरं झालं असतं. पोरांनी निमूट झाडू आणला आणि मास्तरांच्या पायांखालून काचा गोळा केल्या."

आत्याने ती नळी नीट गुंडाळून ठेवली. "आणि बाटली?"

"माझ्या मुलीची. तिचा एक डोळा आळशी आहे, म्हणून चांगल्या डोळ्यात ते थेंब घालायचे, म्हणजे दुसरा कामाला लागतो. तिचं संपलं, उरलेली बाटली घरात होती. मास्तरांनी मागितली. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल."

"जिभेखाली टाकायचे, हे त्याने तुला सांगितलं?"

"हो. म्हणाले, एक थेंब टाकला की तोंड कोरडं."

"कोणी सांगितलं त्याला?"

"ते नाही बोलले."

आत्या हळूहळू बाबांच्या स्टुलावर बसली. माझी आत्या, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाडीवर बोट ठेवलं, तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं.

"घरी चल," ती मला म्हणाली. "सगळ्यांना बसव. बाईंना पहिल्यांदा."

६

टेबलावर चार वस्तू होत्या. कंपवाताच्या गोळ्या. दादाची पट्टी. बाईंची पिवळी गोळी. चिमट्याच्या मुलीची बाटली.

"चार दुकानं, चार हात, चार कारणं," आत्या म्हणाली. "हात कापू नये. लघवी सुटू नये. खाज सुटू नये. लाळ गळू नये. कोणी विष दिलेलं नाही. यातलं प्रत्येक औषध चांगलं आहे. ऑपरेशन टेबलावर पेशंटचं हृदय मंदावायला लागलं की मी ॲट्रोपिनने ते परत धावतं केलंय, कितीदा तरी."

"मग?" दादा म्हणाला.

"लाळ, घाम, लघवीची पिशवी, डोळ्याची बाहुली, आतडी. या सगळ्यांना शरीर एकाच निरोप्याच्या हाती निरोप धाडतं. तो ज्या दारातून आत शिरतो त्याला मस्करिनिक म्हणतात. ही चारही औषधं त्याच दारात पाय रोवून उभी राहतात. एखादं असलं तर तोंड जरा कोरडं पडतं, बस. म्हाताऱ्या शरीरात चौघं एकदम उभी राहिली, तर निरोपच पोचत नाही. अक्षरं पळतात, कारण डोळा जवळचं पकडत नाही. टोस्ट घशाखाली उतरत नाही. हवेत धागे दिसतात. मुलीला अक्का म्हणतो माणूस." ती माझ्याकडे पाहत होती. रविवारचं सगळं मीच तिला सांगितलं होतं. "गाल लाल होतात, कारण अंगातली आग बाहेर पडायला वाट नसते. घाम नसतो."

आत्याने बाटली पुढे सरकवली.

"त्या दिवशी त्याला खात्री हवी होती. लाळेचा थेंबसुद्धा नको. म्हणून एकावर थांबला नसेल, बाटलीचं बूड सांगतं ते. मग खिडक्या लावल्या, पंखा बंद, दिवा पेटवला. आणि वस्तादाच्या नियमाने बसला, घाम भुवईवर आला की उठायचं." आत्याने चष्मा काढला. "घाम आलाच नाही. माठ भरलेला राहिला. त्याला वाटलं असेल, अजून वेळ आहे. दुसरा कोणी असता तर गरम होतंय म्हणून उठला असता. हा माणूस उष्णतेला भीत नव्हता, फक्त घामाचं ऐकायचा."

चिमटा तोंडावर हात धरून बसला होता.

"हॉस्पिटलमध्ये सांगितलं असतं तर?" दादाने विचारलं. इतक्या हळू, जणू तो प्रश्न त्याला स्वतःलाच ऐकू जायला नको होता.

"याला उतारा असतो. वेळेत पोचला असता की नाही, देव जाणे. पण उतारा कशावर द्यायचा, ते कोणीतरी बोलावं लागतं."

दादाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"थांब. एवढ्यावर संपलं असतं तर मी सकाळी नीट जेवले असते." आत्याचा आवाज कोरडा होता. "एक प्रश्न राहिला. डोळ्यांचे थेंब जिभेखाली टाकले की तोंड कोरडं पडतं, हे काचवाल्याला कसं कळलं? मोठ्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांना लाळेचं माहीतच नव्हतं. त्यांच्यासमोर तो रुमाल खिशात घालून बसायचा. चिमट्याला, बाईंना त्यानेच सांगितलं. मग उरलं कोण?"

मला रविवारचा ज्ञानकोश आठवला. मी आत्याकडे पाहिलं, आणि तिने मान डोलावली.

"महिन्याभरापूर्वी फोनवर विचारत होता. अक्का, ऑपरेशनच्या आधी तुम्ही पेशंटचं तोंड कोरडं कसं करता गं? मी सांगितलं, ॲट्रोपिन. म्हणाला, सुईशिवाय? मी म्हटलं, डोळ्यांचे थेंब असतात त्याचे, काही डॉक्टर जिभेखाली देतात. चांगलं समजावून सांगितलं. मला शिकवायची हौस. फक्त एक विचारलं नाही. कोणाचं तोंड?" ती थांबली. "खरं म्हणजे मला माहीत होतं कोणाचं. म्हणूनच विचारलं नाही. माझ्या धाकट्या भावाची लाळ गळते, हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. तपासनीस म्हणून आले, आणि वाट माझ्याच दारात आली."

आम्ही सगळे एकमेकांच्या पायांकडे पाहत होतो.

मग दादा उठून सायकलबाईंसमोर उभा राहिला. त्याला माफी मागता येत नाही, कधीच आली नाही. "बाई, मी... ती तुमची पिशवी..."

"राहू द्या, साहेब." बाईंनी डोळे पुसले. "बंद तुटलाय, तेवढा शिवून द्या म्हणजे झालं."

दादाने खरंच माझ्याकडे सुई-दोरा मागितला. तिथेच स्टुलावर बसून, नाक ओढत, तो वेडेवाकडे टाके घालू लागला.

मी बाईंच्या शेजारी बसले. "शब्द काय दिला होता तुम्ही?"

त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "सांगा आता."

"वर्कशॉपमध्ये ते पडल्याचा फोन आल्यावर मी धावत गेले ना, तेव्हा बाटली टेबलावर होती. मी उचलून पदराआड केली. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, बाई, ही माझ्या लेकीच्या हाताला लागू देऊ नका. तिला वाटू दे, आपोआप बरं झालं." त्या क्षणभर थांबल्या. "म्हणाले, ती बिचारी लाजते हो. रुमाल आणते आणि सेल लागला म्हणून सांगते."

७

महिनाभराने मी चिमट्याकडे गेले. खिडक्या उघड्या होत्या. पंखा चालू होता आणि काम बंद. त्याने भिंतीवर घड्याळ लावलं होतं, मोठ्या आवाजाचं. "आता घंटी वाजली की सगळे उठतात," तो म्हणाला. "घाम येवो न येवो."

मग तो भट्टीकडे वळला. तिथे केलेली काच सावकाश थंड होऊ देतात. त्या दिवशी कोणी ती उघडली नव्हती, नंतर उघडायचा धीर झाला नाही.

"मास्तरांनी पुरं केलं होतं, ताई. आत ठेवूनच मग पडले."

त्याने कंडेन्सर माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेला.

हातभर लांबीची नळी, आत वेटोळं, एकसारखं. मी ते उजेडात फिरवून पाहिलं. कुठे तडा नाही, बुडबुडा नाही. आत थेंब नाही. इतकी कोरडी, स्वच्छ काच मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

त्यांना वाटलं मी लाजते. मी लाजत नव्हते. त्यांना लाज वाटेल म्हणून मी जपत होते, आणि मला लाज वाटेल म्हणून ते जपत होते. इतक्या रविवारी त्यांच्याशी बोलले मी. पण हे एक वाक्य, इतकं सोपं, मी त्यांच्यासमोर बसून कधी म्हटलं नाही.

बाबांचा स्टूल तिथेच होता. मी त्याच्यासमोर बसले, ते खुर्चीत बसायचे तेव्हा बसायची तशी, जवळ. पर्समध्ये सवयीने ठेवलेला रुमाल होता, तो काढला. वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं, तरी मी आधी घसा साफ केला. मग मोठ्याने, पंख्याच्या आवाजावरून जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं,

"बाबा, लाळ गळू द्या. मी पुसेन. मला नाही वाटत लाज."